खिशातला चाकू, कलम ३७ आणि सोंगणीचा इळा

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण घरात पोलीस भरतीची तयारी करणारं पोरगं असेल किंवा वावरात जाणारं माणूस असेल (म्हणजे वाशिम जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येकाच्याच घरात), तर शेवटपर्यंत वाचा.

सणवार, मोर्चे, निवडणुका जवळ आल्या की पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. "जिल्ह्यात कलम ३७ (१)(३) लागू." अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, बहुतेक वेळा पंधरा दिवस. आपण "जमावबंदी लागली वाटते" म्हणतो आणि पान उलटतो. जमावबंदी हा त्यातला अर्धाच भाग. उरलेला अर्धा शस्त्रबंदीचा आहे, आणि तो तुमच्या खिशापर्यंत, पिशवीपर्यंत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सपर्यंत येतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याचं कलम ३७ पोटकलम १. शहरात पोलीस आयुक्त आणि आपल्यासारख्या जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर साहेब, सार्वजनिक शांततेसाठी काय काय जवळ बाळगून फिरायला मनाई करू शकतात त्याची यादी तिथं आहे. हत्यारं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, चाकू, काठ्या, लाठ्या. आणि यादी संपल्यावर एक शेपूट: शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू.

आता सांगा, इजा करता येणार नाही अशी वस्तू कोणती? पान्ह्यानं करता येते, तुतारीनं (बैलाच्या, वाजवायच्या नाही) करता येते, चंचीतल्या अडकित्त्यानंही करता येते. चाकूच्या पात्याची लांबी किती, रुंदी किती, घडीचा की सरळ, शेतीचा की भांडणाचा, यातलं काहीच या यादीत नाही. नुसतं "चाकू".

आणि हा आदेश मोडला तर? कलम १३५. एक वर्षापर्यंत कैद, आणि कोर्टानं कारणं लिहून दिल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही. वरून दंड.

चार महिने, आणि तेही कुणाला काही न करता. कुणाच्या अंगाला खरचटलेलं नसतानाही.

आता आपलं कॅलेंडर बघा. पोळा, गणपती, नवरात्र, दसरा. मध्ये ईद. हे दिवस म्हणजे आदेश निघायचे हक्काचे दिवस. आणि याच दिवसांत आपल्याकडं काय चालू असतं? सोयाबीनची सोंगणी! रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही रस्त्यानं सकाळी सहा-सातला जा. काळीपिवळीत, पिकअपमध्ये, मोटारसायकलवर तिघं-तिघं मजूर इळे घेऊन चाललेले दिसतील. बाया पदरात इळा गुंडाळून नेतात. ज्या पंधरवड्यात सगळा जिल्हा हातात पातं घेऊन रस्त्यावर असतो, त्याच पंधरवड्यात पातं घेऊन रस्त्यावर असणं गुन्हा होतो. खंडेनवमीला ज्या इळ्या-खुरप्याला आपण हळदकुंकू लावतो, तो दुसऱ्या दिवशी कागदावर "इजा करण्यास उपयोगी वस्तू".

कुणी म्हणेल, काय बावा बोलता, सोंगणीच्या मजुराला कोण पोलीस पकडतो? बरोबर, कुणी पकडत नाही. आपले बहुतेक पोलीसही शेतकऱ्याचीच पोरं आहेत, इळा कशाला असतो हे त्यांना आपण सांगायची गरज नाही. पण माझा मुद्दा नेमका इथंच आहे. आदेशानुसार सगळेच गुन्हेगार, आणि त्यातला कोणता पकडायचा हे नाक्यावरचा शिपाई ठरवणार. म्हणजे नियम कागदावर नाहीच, नियम त्या शिपायाच्या डोक्यात आहे. ज्याचा चेहरा ओळखीचा, ज्याचा काका सरपंच, तो "जाऊ दे रे". ज्याचे केस वाढलेले, जो दुसऱ्या वस्तीतला, ज्याचं आडनाव ऐकून भुवया वर जातात, तो "धारदार शस्त्रासह ताब्यात". पारधी, बंजारा, मुसलमान पोरांना विचारा, त्यांना हे सांगावं लागत नाही.

समजा, मंगरूळपीर तालुक्यातलं एक पोट्टं आहे. घरी संत्र्याची दोन एकर बाग. खिशात कलमाचा घडीचा चाकू, तीन इंच पातं. डोळा बांधायला, ठिबकची नळी कापायला, मोटारीची वायर सोलायला, संत्रं खायला, सगळ्याला तोच. रात्री वाशिमला मित्राला सोडायला आलं, नाकाबंदीत सापडलं, अंगझडतीत चाकू निघाला. गंमत बघा, झाडाचंही कलम आणि कायद्याचंही कलम. एक बांधायला निघालं होतं, दुसरं लागलं!

पुढं काय होतं तेही सांगतो, कारण इथंच लोक फसतात. गुन्हा नोंद होतो. कोर्टाची तारीख लागते. कुणीतरी शहाणा सल्ला देतो, "कबूल करून टाक, दंड भर, विषय संपव." पोरगं कबूल करतं, कोर्ट उठेपर्यंत बसतं, दंड भरतं, बाहेर येऊन चहा पितं. सुटलो म्हणतं.

सुटला नाही तो. गुन्हा कबूल केला म्हणजे दोषसिद्धी झाली. दोन वर्षांनी पोलीस भरतीत नाव लागतं, किंवा एसआरपीएफ, किंवा आर्मी, किंवा साधी बँकेतली नोकरी, आणि समोर येतो चारित्र्य पडताळणीचा फॉर्म. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? शिक्षा झाली होती का? "हो" लिहिलं तर फाइल अडकते. "नाही" लिहिलं तर खोटी माहिती दिली म्हणून जाते. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या केसमध्ये सांगितलंय की क्षुल्लक गुन्हा असेल तर नेमणूक करणाऱ्यानं तारतम्य दाखवावं. पण माहिती दडवणं हे स्वतंत्र कारण धरलं जातं, आणि तारतम्य दाखवायचं की नाही हे त्या साहेबावर. पहाटे चारला उठून मैदानावर धावणाऱ्या पोराची चार वर्षं तीन इंची पात्यावर जातात. या जिल्ह्यात एमआयडीसीत काय नोकऱ्या आहेत ते मला सांगू नका. इथल्या गरीब पोराला भरती हा एकच दरवाजा आहे.

आता दुसरा कायदा, कारण पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये तोही असतो: "कलम ४/२५ भारतीय हत्यार कायदा". हा १९५९ चा. इंग्रजांचा १८७८ चा हत्यार कायदा काढून तो आणला. आणि खरं सांगायचं तर तो कलम ३७ पेक्षा कितीतरी शहाणा आहे. "शस्त्र" म्हणजे काय याची व्याख्या त्यानं केली आहे: हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू. आणि लगेच पुढं लिहिलंय की निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू यात धरायच्या नाहीत. उदाहरण काय दिलंय माहितीये? लाठी आणि साधी फिरायची काठी! म्हणजे संसद १९५९ साली म्हणते लाठी हे शस्त्र नाही. आणि १९५१ चा आपला राज्याचा कायदा म्हणतो कलेक्टर साहेब लाठीवर बंदी घालू शकतात. गुराख्यानं कोणतं पुस्तक वाचायचं?

हत्यार कायद्याच्या नियमांत मापही दिलंय. अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला, चाकू वगैरे येतात. त्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची अट आहे, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय, औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळली आहेत. शिवाय बंदूक सोडून बाकीच्या हत्यारांना परवाना सगळीकडं सरसकट लागत नाही. कलम ४ प्रमाणं केंद्र सरकारच्या अधिसूचनेत जो भाग आणि जी हत्यारं सांगितली असतील तिथं लागतो. म्हणून ४/२५ लावताना पात्याची लांबी-रुंदी पंचनाम्यात मोजून लिहिली पाहिजे आणि ते हत्यार अधिसूचनेत बसतं का हे दाखवता आलं पाहिजे. "एक धारदार लोखंडी चाकू, किंमत अंदाजे २०० रुपये" हे माप नाही. ही भंगारवाल्याची पावती झाली.

या हिशोबानं आईच्या स्वयंपाकघरातली पावशी, खाटकाचा सत्तूर, ऊसतोड कामगाराचा कोयता हे हत्यार कायद्याखाली शस्त्र नाही, मापानं मोठं असलं तरी. तुमचा तीन इंची घडीचा चाकू तर मापातच बसत नाही. पण या कायद्यातून सुटलेला माणूस पंधरा दिवसांच्या आदेशात अडकतो, कारण त्या आदेशाच्या यादीला मापच नाही.

जे लोक चाकू जमवतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. हसू नका, असे लोक आपल्याकडंही आहेत. कुणाला स्विस आर्मी नाइफचं वेड असतं, कुणी आजोबांचा मुठीला पितळ लावलेला चाकू जपून ठेवलेला असतो, कुणी रामपूरहून रामपुरी आणलेला असतो. (त्या रामपुरात २०२३ मध्ये चौकात सहा मीटरचा चाकू उभारलाय, लोक त्याच्यापुढं सेल्फी काढतात.) कलम ३७ चा आदेश जवळ बाळगून *फिरण्यावर* आहे. घरात कपाटात ठेवण्यावर नाही. लहान, मापाखालचे खिशातले चाकू घरी जमवले म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. पण बटन दाबून उघडणारे, स्प्रिंगचे चाकू हा वेगळा प्रकार. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनं बटनदार, गरारीदार चाकूंना ७.६२ सेंटीमीटर लांबी आणि १.७२ सेंटीमीटर रुंदीपासून पुढं बंदीच्या यादीत घातलं. म्हणजे इथं ऑनलाइन मागवलेला चाकू बॅगेत टाकून दिल्लीला परीक्षेला गेलात तर स्टेशनवर उतरल्या उतरल्या दुसरा कायदा सुरू.

आणि "ऑनलाइन मिळतो म्हणजे कायदेशीरच असणार" हा समज सोडा. २०१८ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले, ते मागवणारी पोरंही अडचणीत आली. विकणाऱ्या मोठ्या कंपनीचं काय वाकडं झालं, हे तुम्हीच आठवून सांगा.

आता समोरून येणारा प्रश्न. "म्हणजे पोट्ट्यांना चाकू घेऊन मोकाट फिरू द्यायचं का? बर्थडेला तलवारीनं केक कापणारे, कोयता घेऊन रील टाकणारे, त्यांचं काय?"

त्यांना धरा. माझा एक शब्दाचाही विरोध नाही. एप्रिल २०२२ मध्ये धुळे जिल्ह्यात सोनगीरजवळ एका गाडीत ८९ तलवारी सापडल्या, जालन्याकडं चालल्या होत्या. हत्यार कायदा नेमका त्याच्यासाठी आहे. तिथं ना इळ्याचा घोळ, ना मापाचा. कुणी चाकू दाखवून धमकावलं तर त्याला धमकीची, दुखापतीची कलमं आहेत. रात्री गुन्हा करायच्या इराद्यानं हत्यार घेऊन दबा धरून बसला तर त्याच पोलीस अधिनियमात कलम १२२ आहे. म्हणजे *इराद्याला* धरणारे कायदे भरपूर आहेत. फक्त इरादा सिद्ध करायला मेहनत लागते. खिशातला चाकू काढायला काहीच लागत नाही, आणि महिन्याच्या आकडेवारीत दोन्ही कारवाया एकाच रकान्यात मोजल्या जातात. काऊन सोपं काम सोडून अवघड काम करतील?

पुण्यात कोयता गँगच्या धास्तीनं २०२३ मध्ये कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघायला दुकानदारांना सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. गुंड बाजारातून पावती घेऊन कोयता आणतो ही कल्पनाच थोर आहे. त्यात अडला असेल तो बीडकडचा ऊसतोड्या.

इंग्लंडमध्ये चाकूहल्ल्यांवरून केवढा गदारोळ चालू असतो, आपण बातम्या बघतो. तिथला कायदा आपल्यापेक्षा कडक आहे. तरी त्या कायद्यात, १९८८ च्या, स्पष्ट लिहिलंय: घडीचा खिशातला चाकू, धार तीन इंचांपर्यंत, हा बंदीतून बाहेर. (पातं लॉक होत असेल तर मात्र नाही.) त्याहून मोठा असेल तर कारण सांगा, आणि काम, धर्म, पारंपरिक पोशाख ही कारणं कायद्यातच लिहिली आहेत. तिथल्या सुताराला, माळ्याला माहिती असतं की आपण रेषेच्या कोणत्या बाजूला उभे आहोत. कडक कायद्याचं मला भय नाही. रेषाच नसलेल्या कायद्याचं आहे.

आपल्याला अपवाद लिहिता येत नाहीत असंही नाही. हिंगोली ओलांडलं की नांदेड. तिथं शीख बांधव कृपाण धारण करून फिरतात, कारण संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात ते शब्दांत लिहिलंय. लिहिलं की माणूस निर्धास्त फिरतो. मग आदेशात "शेती, बागायत, गुरं राखणं आणि कारागिरीची अवजारं, तसंच अमुक इंचांपर्यंतचा घडीचा चाकू वगळून" एवढी एक ओळ टाकायला काय लागतं? टायपिंगचे दोन मिनिटं.

आणि मुदतीचं. कलम ३७ (१) मध्ये शब्द आहेत: आवश्यक वाटेल तेव्हा आणि आवश्यक वाटेल तेवढ्या काळापुरता. म्हणजे विशिष्ट ठिकाणी विशिष्ट धोका दिसला तर. शिरपूरला तणाव असेल तर शिरपूरला लावा. पोहरादेवीला यात्रेत लाखो लोक येतात, तिथं लावा, कुणी नाही म्हणणार नाही. पण मग त्याच आदेशानं व्याडच्या माणसाला इळा घेऊन वावरात जायला बंदी कशाला? पूर्वीच्या कलम १४४ बद्दल सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन यांच्या केसमध्ये सांगितलंय की तेच तेच आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. कलम वेगळं आहे, मान्य. पण तत्त्व ३७ च्या दारात येऊन थांबतं असं मला तरी वाटत नाही.

एक गोष्ट पोलीस मित्रांसाठी, आणि माझ्या यादीत बरेच आहेत. कलम ३७ चं पोटकलम २ वाचा. आदेश मोडून कुणी अशी वस्तू घेऊन फिरत असेल तर ती काढून घेता येते आणि सरकारजमा होते. म्हणजे चाकू काढून घ्या, समज द्या, नाव-पत्ता लिहून घरी पाठवा. हा रस्ता कायद्यानंच दिलाय. कलमाच्या चाकूसाठी पोराचा फोटो काळं कापड घालून मधोमध उभा करून, दोन्ही बाजूला सहा जण उभे राहून, पेपरला पाठवायची गरज नाही.

आणि पोरांसाठी. नाक्यावर अडवलं तर हुज्जत घालू नका, पळू तर अजिबात नका. चाकू कशासाठी आहे ते सरळ सांगा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं पोलिसांवर बंधनकारक आहे, ते नम्रपणे मागा. पंचनाम्यात पात्याची लांबी मोजून लिहायला सांगा, न वाचता सही करू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच अटकच झाली पाहिजे असं नाही, कलम ३५ (३) ची नोटीस देता येते. आणि वकिलाशी बोलल्याशिवाय "कबूल करून टाक" वाल्याचं ऐकू नका. तो चहा पाजून जाईल, रेकॉर्ड तुमच्या नावावर राहील. गरिबाला मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच आहे.

मी या आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्द, एकच विषय. विचारतोय की मागच्या तीन वर्षांत कलम ३७ (१) खाली किती आदेश निघाले, एकूण किती दिवस जिल्ह्यात तो लागू होता, आणि त्यांत शेतीची अवजारं वगळल्याचा उल्लेख कितींमध्ये होता. दुसरा अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात: कलम १३५ खाली किती गुन्हे, त्यात जप्त झालेल्या वस्तूंचं वर्णन आणि माप काय. उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे. आलं की इथंच टाकतो. रिसोड आणि कारंज्याच्या कुणाला आपापल्या पोलीस ठाण्यापुरता असाच अर्ज टाकायचा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मसुदा पाठवतो.